खेळांचे गाव आणि भाडेकरूंची घरे

महोदय,

२०३० च्या राष्ट्रकुल क्रीडा स्पर्धांचे यजमानपद अहमदाबादला मिळाले याचा आनंद आहेच; परंतु खान्देशातून सुरतमार्गे पोटापाण्यासाठी तिकडे गेलेल्या कुटुंबांची काळजी वाटते. अहमदाबादच्या मोटेरा भागात एका खोलीत राहणाऱ्या माझ्या भाच्याचे भाडे वाढवताना घरमालकाने ‘आता इथे खेळ होणार’ एवढेच कारण दिले. दिल्लीत २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धांसाठी अक्षरधामजवळ उभारलेल्या क्रीडाग्रामातील, म्हणजे खेळाडूंच्या निवासी वसाहतीतील, सदनिका सामान्यांच्या आवाक्याबाहेरच राहिल्या. लंडनने मात्र २०१२ च्या ऑलिंपिक स्पर्धेनंतर खेळाडूंच्या २,८१८ घरांपैकी जवळपास निम्मी परवडणाऱ्या दरांसाठी राखली. अहमदाबादेतही क्रीडाग्रामाचा आराखडा ठरतानाच, म्हणजे जमिनीचे भाव आणखी चढण्यापूर्वी, कष्टकऱ्यांसाठी भाड्याची घरे राखून ठेवावीत, ही कळकळीची विनंती.

– एक वाचक, अमळनेर