ड्रमरशिवायचा पंक

प्रिय मन्या,

तुझा बेत कळला: ड्रमर नाही, गिटार नाही, दोघंच पंक रॉक वाजवणार, त्यात हिपहॉप आणि स्का घुसवणार, वरून लोकांना हसवणार. झकास! न्यूयॉर्कच्या 'सुइसाइड' या जोडीने १९७० च्या दशकात हेच केलं. ॲलन वेगा गायचा, मार्टिन रेव्ह कीबोर्ड आणि ड्रम मशीन (ड्रमचे ठोके वाजवणारं यंत्र) सांभाळायचा. पहिला अल्बम १९७७ चा. तेव्हा माणसं कमी आहेत म्हणून अडत नाही.

अडतं ते डिस्टॉर्शनपाशी, म्हणजे आवाज मुद्दाम फाडण्यापाशी. अख्खं ड्रम मशीन एकाच डिस्टॉर्शन पेडलमधून काढलंस की किकचा (पायाने वाजवायच्या मोठ्या ड्रमचा) ठोका चेपला जातो आणि प्रत्येक ठोक्याला बाकीचे आवाज गुदमरतात. किक कोरी ठेव, स्नेअर (कडकडणारा छोटा ड्रम) आणि हायहॅट (झांजांची जोडी) खुशाल फाड. मशीनला वेगळे आउटपुट नसतील तर किक पूर्ण डावीकडे पॅन कर (वळव), बाकी सगळं उजवीकडे, आणि दोन वेगळे मोनो चॅनल म्हणून बाहेर काढ. पेडलला जाणारी पातळी मात्र कमी ठेव. ते गिटारच्या सिग्नलसाठी बनवलेलं असतं.

शैलींची खिचडी करताना टेम्पोला हात लावू नकोस. १७० बीपीएमवर (मिनिटाला १७० मात्रा) स्नेअर दुसऱ्या-चौथ्या मात्रेवर असला की पंक. तोच फक्त तिसऱ्या मात्रेवर आणलास की ८५ चा संथ हिपहॉप वाटतो. मात्रांच्या मधोमध कीबोर्डचे तुटक कॉर्ड टाकलेस की स्का, म्हणजे जमैकाचं उड्या मारायला लावणारं संगीत. नाचणाऱ्यांचे पाय थांबत नाहीत, आणि गंमत त्यातच आहे.

विनोदाचं गणित वेगळं. शब्द कळले नाहीत तर कोण हसणार? व्यंजनं २ ते ४ किलोहर्ट्झच्या आसपास उमटतात आणि करकरीत सिंथही नेमका तिथेच ठाण मांडून बसतो. त्याला तिथे ३-४ डेसिबल काप. गाण्याच्या आवाजावरचा डिले (प्रतिध्वनीचा इफेक्ट) कडव्यात बंदच बरा. पंचलाइनच्या आधी ड्रम एक पूर्ण बार, म्हणजे चार मात्रा, म्यूट कर. १७० च्या वेगाला तो जेमतेम १.४ सेकंदांचा असतो. साँग मोडमध्ये (मशीन अख्खं गाणं आपोआप वाजवतं त्यात) मात्र वाजवू नकोस. लोक हसत राहिले तरी मशीन पुढे जातं आणि पुढची ओळ हशात बुडते. ठोक्यांचा एकच तुकडा (पॅटर्न) फिरत ठेव, हशा ओसरला की बटण दाबून पुढे जा.

लॅपटॉप चार्जरवर असला की घूंऽऽ आवाज येतो, तो बहुतेकदा ग्राउंड लूपचा, म्हणजे जोडलेल्या यंत्रांना अर्थिंगचे एकाहून जास्त रस्ते मिळाल्याचा. लॅपटॉप आणि मिक्सरमधल्या डीआय बॉक्सवरचं ग्राउंड लिफ्टचं बटण वापर, ते सिग्नलच्या तारेतला अर्थिंगचा जोड तोडतं. प्लगची अर्थिंगची पिन कापायचा आगाऊपणा कुणी सुचवला तर ऐकू नकोस, शॉक बसेल.

आणि तुझ्या जोडीदार गायकाला सांग, रॅपरच्या ऐटीत माइकची जाळी मुठीत धरू नकोस. मागून येणारा आवाज गाळायची माइकची सोय त्याने बंद होते, शब्द घोगरे होतात आणि मॉनिटर (स्टेजवर तुमच्याकडे तोंड केलेला स्पीकर) शिट्टी मारायला लागतो.

तुझा,
बाळ्या