घरघर थांबवायला अर्थिंगची पिन तोडू नका

संपादक महोदय,

उत्सवाच्या स्टेजवर इलेक्ट्रिक गिटार घरघरू लागली की अॅम्प्लिफायरच्या प्लगमधली अर्थिंगची जाड पिन काढून टाकतात. हा प्रकार जीवघेणा आहे. गिटारच्या तारा केबलमधून अॅम्पच्या चासीला, म्हणजे धातूच्या सांगाड्याला, जोडलेल्या असतात. आत बिघाड झाला तर २३० व्होल्ट बोटांत उतरतात, आणि माइकला ओठ टेकला की सर्किट पूर्ण.

घरघर अनेकदा येते ती सिंगल कॉइल पिकअपमुळे. पिकअप म्हणजे तारांची कंपने टिपून त्यांचा विद्युत संकेत करणारा चुंबक-कॉइलचा भाग. दिव्यांचे डिमर, ट्रान्सफॉर्मर यांचे ५० हर्ट्झचे क्षेत्र तो अँटेनासारखा पकडतो. गिब्सन या गिटार कंपनीच्या सेथ लव्हर यांनी १९५५मध्ये यावर हंबकर नावाचा पिकअप काढला: दोन कॉइल उलटसुलट, चुंबकांचे ध्रुवही उलटे, घरघर आपसांत कटते, तारेचा आवाज मात्र दुणावतो. तो बसवताना व्हॉल्यूम-टोनच्या बटणांखालचे २५० किलोओहमचे पॉट (बदलता रोध) बदलून ५०० चे घाला, नाहीतर आवाज दबतो आणि दोष उगाच पिकअपला लागतो.

पैसे खर्चण्याआधी तारांना हात लावून पाहा. घरघर जराही कमी झाली नाही, तर ब्रिजखालची (तारा टेकतात त्या पट्टीखालची) ग्राउंड वायर तपासा. बहुतेकदा सोल्डरचा डागच सुटलेला असतो.

आपला,
एक गिटारप्रेमी वाचक