‘मु. पो.’ जोडून केव्हा लिहावे?

महोदय,

लग्नपत्रिकांवर आणि अर्जांवर सर्रास आढळणारी ‘मु. पो.’ ही अक्षरे अर्थ न पाहता लिहिली जातात, याचे वाईट वाटते. ‘मुक्काम’, म्हणजे राहण्याचे ठिकाण, हा शब्द मूळ अरबी असून फारसीमार्गे मराठीत आला. ‘पोस्ट’ म्हणजे जेथून टपाल वाटले जाते ते कार्यालय. दोन्ही एकाच गावी असतील, तरच ‘मु. पो.’ जोडून लिहिणे योग्य. शाहूवाडी, गगनबावड्याच्या डोंगराळ भागातील ज्या वाड्यांचे टपाल शेजारच्या गावातून येते, तेथे ‘मु.’पुढे वाडीचे आणि ‘पो.’पुढे त्या गावाचे नाव स्वतंत्रपणे द्यायला हवे. १५ ऑगस्ट १९७२ पासून पिनकोड आला खरा. परंतु एका पिनकोडात अनेक गावे येत असल्याने हा भेद आजही आवश्यक आहे. शाळेतील पत्रलेखनात तो अवश्य शिकवावा.

– एक वाचक, कोल्हापूर