सगळं पांढरं म्हणजे पिठ्या ढेकूण नाही हो

संपादक साहेब, नमस्कार,

तुमच्या पुरवणीत गुलाबाच्या काड्यांवरच्या पांढऱ्या ठिपक्यांना सरसकट पिठ्या ढेकूण म्हटलंय, ते काही पटलं नाही. सुईच्या टोकाने ठिपका उचलून बघा, वरचं कवच टोपीसारखं सुटून आलं आणि किडा खाली झाडालाच चिकटून राहिला तर ती कवचवाली खवले कीड, हिला चिकट गोड पाणी सुटत नाही म्हणून खालच्या पानांवर काजळी (त्या पाण्यावर वाढणारी काळी बुरशी) नसते नि मुंग्याही फारशा फिरकत नाहीत. मादीचं कवच गोल पांढरं, जुनी कात कडेला आणि नराचं लांबट, वर तीन उभ्या रेघा उठलेल्या, तर बहुतेक ऑलाकॅस्पिस नावाची खवले कीड. लिंबावरची लालसर खवले कीड ऑनिडिएला वेगळी, तिची कात मधोमध आणि आतली पूर्ण वाढलेली मादी किडनीच्या आकाराची. अर्थात भिंगाने अंदाजच येतो, नक्की जीनस (किडीचा वंश) ठरवायचा तर मादी स्लाइडवर घेऊन तिच्या मागच्या टोकाचे लोब (कडेचे बारीक उभार) मायक्रोस्कोपखाली बघावे लागतात, आता कोथरूडच्या गॅलरीत तेवढं कोण करणार! निदान पुढच्या वेळी जवळून काढलेला फोटो तरी छापा.

– एक बागवेडा वाचक, कोथरूड, पुणे