उतारावरची रांग बोगद्यातच कळायला हवी

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

पुण्यात नवीन कात्रज बोगद्यापासून महामार्ग उताराने खाली येतो, त्या उताराच्या पायथ्याशी नवले पुलाजवळ अपघात झाला की ‘ब्रेक फेल’ म्हणून विषय मिटतो. मी एसटीत चालक होतो, सातारा-पुणे मार्गावर उमेदीची वर्षं गेली. उतारावर न्यूट्रलमध्ये गाडी सोडणाऱ्यांची बाजू मी घेणार नाही. त्यांच्या तापलेल्या ब्रेक लायनरचा जळका वास उतारावरच्या दरी पुलापासून येतो. पण 20 नोव्हेंबर 2022 ला एका अवजड वाहनाने याच उतारावर कित्येक गाड्यांना धडक दिली, त्या एवढ्या संख्येने समोर होत्या, कारण पुढे वाहतूक तुंबली होती. हे कुणी बोलत नाही.

रस्ता मोकळा असतो तेव्हा गाड्या एका वेगाने जातात. पूर्ण जाम असेल तर बंपर घासतात, जीव सहसा जात नाही. घात होतो तो मधल्या वेळेत, मोकळा रस्ता तुंबायला लागतो तेव्हा. पुलाशी एकाने ब्रेक मारला की मागचा जरा जोरात मारतो, त्याच्या मागचा आणखी जोरात, आणि रांगेचं शेपूट उतारावर वरच्या स्वामीनारायण मंदिराकडे चढत जातं. तिकडून ताशी 80 किलोमीटरच्या वेगाने उतरणारी गाडी सेकंदाला 22 मीटर कापते. चालकाचा पाय ब्रेकवर जाईपर्यंत दीड सेकंद, म्हणजे 33 मीटर गेले. भरलेला ट्रक त्यानंतर थांबायला लागणार, तोही उतारावर! शेजारच्या लेनमधली गाडी पळत असली तर रांगेतला कुणीतरी मध्येच तिकडे घुसतो, तो आणखी एक धोका.

वेगमर्यादेची पाटी मात्र पहाटे तीनला आणि संध्याकाळी सातला तोच आकडा दाखवते. लंडनच्या एम-25 रस्त्यावर 1995 पासून वाहतुकीप्रमाणे बदलणारी वेगमर्यादा आहे; पुढे गाड्या मंदावल्या की मागच्या फलकावरचा आकडा आधीच उतरतो. आपल्याकडे नवीन कात्रज बोगद्याच्या तोंडाशी असा एक फलक आणि उतारावर दोन-तीन का नसावेत? तो होईपर्यंत गर्दीच्या वेळी एक वॉर्डन लाल दिवा घेऊन रांगेच्या मागे, दुभाजकाच्या आत सुरक्षित जागी उभा करा. आज सगळे वॉर्डन पुलाखाली चौकात उभे असतात, जिथे गाड्या आधीच थांबलेल्या असतात.

13 नोव्हेंबर 2025 ला इथेच माणसं जळून गेली. महामार्ग प्राधिकरण आणि वाहतूक पोलिसांनी हे फलक कधी लागणार याची तारीख जाहीर करावी.

आपला,
एक निवृत्त एसटी चालक, नऱ्हे, पुणे