ढग पिळून पाणी

पुणे, रविवार रात्र

प्रिय दिग्या,

तुझं पत्र येऊन महिना झाला. शिव्या घालून झाल्या असतील तर पुढे वाच.

काल 'यानोश वितेझ' पाहिला. १९७३ चा, हंगेरीचा पहिला पूर्ण लांबीचा अ‍ॅनिमेशनपट. शांदोर पेतोफी हा तिकडचा राष्ट्रकवी. त्याच्या जन्माला दीडशे वर्षं झाली, तेव्हा त्याच्याच दीर्घकवितेवर केलेला. दिग्दर्शक मार्सेल यान्कोविच तेव्हा जेमतेम तिशी ओलांडलेला. पेतोफीनं तर कविता लिहिली एकविसाव्या वर्षी. त्या वयात आपण काय दिवे लावत होतो, ते राहू दे.

मक्याच्या शेतात सापडलं पोर, म्हणून नाव कुकोरित्सा यान्ची. कुकोरित्सा म्हणजे मका. मेंढ्या राखतो. ओढ्यावर धुणं धुणाऱ्या इलुश्काशी बोलत बसतो आणि इकडे कळप पांगतो. मालक हाकलून देतो. पुढे दरोडेखोर, हुसार घोडेस्वार, तुर्क, राक्षस, चेटकिणी, सगळी जत्रा. लढाईचा भाग मला जरा लांबला. पण रंग! तू बोर्ड रंगवायचास तेव्हा डबे उघडेच टाकायचास ना, तसे भडक, सपाट, आणि एक आकार बघता बघता दुसऱ्यात विरघळतो.

असं का, ते कविता वाचल्यावर कळलं. इंग्रजी भाषांतर मिळालं, पहाटेपर्यंत वाचत बसलो. हे हुसार फ्रान्सला निघतात आणि जातात कुठून, तर हिंदुस्थानातून! पेतोफी बेधडक सांगतो, फ्रान्सची शीव हिंदुस्थानाला लागून आहे. आपले डोंगर असे उंच की सूर्य डोक्यावर तासाभराच्या वाटेवर. खायला फक्त हवा, पण ती इतकी दाट की चावून खावी. तहान लागली की ढग पिळायचे, ओलं धोतर पिळावं तसे. उन्हापायी प्रवास रात्रीचा, तर घोडे चांदण्यांना ठेचकाळतात. कोणता कॅमेरा हे दाखवणार? इथे कुंचलाच हवा.

आणि एवढी थापेबाजी करणारा हा माणूस शेवटी गप्प करतो. यान्ची परत येतो तर इलुश्का वारलेली. तिच्या थडग्यावरचा गुलाब तो तोडून घेतो. कुठे कुठे भटकून परीराज्यात पोचतो. तिथे सगळे जोडीजोडीनं सुखात, हा एकटा. तळ्यात जीव द्यायला निघतो, आधी तो गुलाब पाण्यात टाकतो. ते पाणी निघतं जीवनाचं. फुलाची इलुश्का होते.

वहिनींना सांग, मी लॅपटॉप घेऊन येतोय. पुढच्या शनिवारी, सकाळच्या एसटीनं. सोनीला आधी गोष्ट सांगू नकोस, ढगांचं तर मुळीच नको. ते मला सांगायचंय.

तुझा,
नंदू