बंजारा तांड्यावरच्या याडीस (म्हणजे आईस), श्रावण लागायच्या आत

याडी,

हे पत्र तुमची नात तुम्हाला मोबाइलवरून वाचून दाखवील. तुमच्या एकटीच्या हाती देता आलं असतं, पण मुखेड तालुक्यातल्या दुसऱ्या युवक मंडळांनीही ते वाचावं असं वाटलं, म्हणून उघड लिहितोय.

गेल्या आषाढात मंडळाची आम्ही पाच जण तुमच्या दारात आलो होतो ते कपडे मागायला. गणपतीतल्या कार्यक्रमात 'बंजारा नृत्य' ठेवलं होतं. नांदेडहून भाड्यानं आणायचे तर घागरे महाग पडत होते. तांडा गावापासून दीड किलोमीटर, तेव्हा तिथंच मागू, असं ठरलं. तुम्ही घोंगडी टाकली, पाणी दिलं, आमचं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणालात, "देते की. फेटिया देते, कांचळी देते. पण लेकराहो, नाच कशाचा करणार? आधी तीजेला या. नऊ दिवस या. मग काय घालायचं ते ठरवा."

तीज म्हणजे तांड्यावरचा श्रावणातला, दुरडीत गहू उगवायचा सण. त्या एका बोलावण्यासाठी मी तुमचा ऋणी आहे.

बाहेरच्या माणसानं तांड्याच्या सणात बसायचं तर नायकाची, म्हणजे तांड्याच्या प्रमुखाची, परवानगी लागते, हे आम्हाला ठाऊक नव्हतं. तुम्ही स्वतः नायकांकडे गेलात. कारभारी नाही म्हणत होते, कारण मागे कुणीतरी न विचारता फोटो काढून नेले होते. "ही माझ्या घरची पाव्हणी," असं तुम्ही सांगितलंत म्हणून आम्हाला वाट मिळाली. पोरींनी पाणी घालायला यायचं, पोरांनी लांब बसायचं, आणि नायक हो म्हणेपर्यंत मोबाइल खिशात ठेवायचा, ही तुमची अट होती. ती अट आज आमच्या मंडळाचा नियम झाली आहे.

त्या नऊ दिवसांतलं किती सांगू? वारुळाची माती, शेळ्या-मेंढ्यांचं खत, दुरडीत पेरलेला गहू. बोरीच्या काट्यांवर पोरी भिजवलेले हरभरे टोचायच्या आणि भाऊ लागणारी पोरं ती फांदी हलवून त्यांना चिडवायची. लग्न न झालेल्या पोरीच दुरड्यांना पाणी घालणार, आणि प्रत्येक खेपेला वेगळं गाणं. आमच्या दोघी पोरींना चौथ्या दिवशी त्या खेपेत सामील करून घेतलं, तेव्हा त्या घागरी भरून येताना एक शब्द बोलल्या नाहीत. घरी आल्यावर एक जण मला म्हणाली, "दादा, आपल्याकडं घटस्थापनेला असंच उगवतात ना?" हो, असंच. घटाभोवतीच्या मातीत गहू पेरताना तिच्या आईला तिनं लहानपणापासून पाहिलं होतं. आपल्या घरातल्या गोष्टीचं तिला पहिल्यांदा नवल वाटलं, ते तुमच्या अंगणात आल्यामुळं.

आणि तो 'कोर' शब्द. तिसऱ्या दिवशी माझ्या शेजारी बसलेल्या पोरानं तुम्हाला विचारलं, हे कोर कोण? तुम्ही समजावून सांगितलंत की तुम्ही बंजारा म्हणजे गोर, आणि जे गोर नाहीत ते सगळे कोर. तोवर आमच्या मनात आम्ही म्हणजे साधी माणसं आणि तांडा म्हणजे वेगळा. त्या दिवशी कळलं की तुमच्या ओसरीवर बसलो की वेगळे आम्हीच. दुसऱ्याची संस्कृती बघायला पोरांना न्यायचं असेल तर त्यांना ही जागा मिळाली पाहिजे. आपण पाव्हणे आहोत, आपल्याला भाषा येत नाही, भाकरीला इथं बाटी म्हणतात हेसुद्धा विचारूनच कळतं, अशी जागा. मंचावर घागरा घालून नाचताना ती मिळत नाही, कारण तिथं आपणच मालक असतो.

रात्री तुमच्या थोरल्या दिरांनी जे सांगितलं ते पोरं अजून बोलतात. बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलखोमुलखी फिरणारे तांडे, नंतर रेल्वे आल्यावर बसलेला तो धंदा, आणि इंग्रजांचा १८७१ चा कायदा, ज्यानं कितीतरी जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवलं. बंजाराही त्यात आले. तो कायदा १९५२ च्या ऑगस्टअखेर गेला. आमच्यातला एक जण तेव्हा खाली मान घालून म्हणाला, "आमच्या घरी अजून सांगतात, दिवस मावळल्यावर तांड्याकडं जाऊ नको." कुणी त्याला रागावलं नाही. तुम्ही त्याच्या ताटात आणखी एक बाटी वाढलीत.

तुमची लेक तेलंगणात दिलेली. तिकडं तिची मुलं अनुसूचित जमातीत, इकडं तुमचे नातू विमुक्त जातीत, कर्नाटकातले भाचे अनुसूचित जातीत. एकच गोरबोली बोलणाऱ्या एका घराचे तीन राज्यांत तीन दाखले. हे तुमच्याकडून ऐकल्यावर आमच्या मंडळातल्या स्पर्धा परीक्षेच्या पोरांनी पहिल्यांदा यादीतल्या शब्दांमागची माणसं पाहिली.

गणपतीत आम्ही नाच केला नाही. तुमच्या तांड्यातल्या सहा जणी आल्या, आपल्या कपड्यांत, आपली गाणी म्हणाल्या, आणि प्रत्येक गाण्याचा अर्थ आमच्या पोरीनं मराठीत सांगितला. दोन ठिकाणी ती चुकली. तुमच्या नातीनं माइकवरच दुरुस्त केलं. त्याच्या आधी पोळ्याला तांड्यातली पोरं आमच्या वेशीत होती, झुली घातलेल्या बैलांच्या रांगेत. एवढ्या वर्षांत त्यांना कुणी बोलावलंच नव्हतं, ही आमची चूक मी इथं लिहून ठेवतो.

हिवाळ्यात आम्ही नांदेडला हुजूर साहिब गुरुद्वाऱ्यात गेलो. पूर्वी दोन-तीनदा जाऊन आलो होतो, दर्शन, फोटो, परत. या वेळी पोरांनी आधी विचारलं, काय करू देता? मग दिवसभर लंगरची भांडी घासली. तिथल्या सेवादारानं १७०८ सालची, गुरू गोविंदसिंगांच्या अखेरच्या दिवसांची गोष्ट भांड्यांच्या आवाजातच सांगितली. भांडी घासायची बुद्धी तुमच्या ओसरीवरची आहे, याडी.

तेव्हा तुम्ही कोयता घेऊन ऊसतोडीला कारखान्याकडं गेला होतात. दिवाळीनंतर तांडा रिकामा होतो, दारांना कुलपं लागतात. गेल्या वर्षीपर्यंत ते आमच्या लक्षातही येत नव्हतं. यंदा मंडळानं तुमच्या मागं राहिलेल्या म्हाताऱ्यांच्या औषधांसाठी पाळी लावून घेतली. ही परतफेड नाही. दीड किलोमीटरवरच्या माणसांनी पूर्वीच करायला हवं होतं ते काम आहे.

आता श्रावण आठवड्यावर आला. या वेळी नऊ पोरी यायचं म्हणतात, त्यातल्या चार नव्या. एक विचारायचं राहिलं. त्यांना दुरडीसाठी घरचा गहू आणायचाय, आमच्या शिवारातला. कोरांच्या शेतातला गहू तीजेला चालतो का, तेवढं नायकांना विचारून ठेवा. नाही म्हणाले तर नुसत्या येतील.

तुमचा,
युवक मंडळाचा सचिव